आज्जी मला 'आक्का' म्हणते. मी भेटायला जाऊ की नको?

"ताई, मी पुण्यात नोकरी करते. माझी आज्जी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आमचं घर सांगलीजवळच्या हरिपूरचं, थोडी शेती. आज्जीचा सगळा जन्म हळदीत गेला. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर तिचं विसरणं वाढत गेलं. मग ती रात्री-अपरात्री कडी काढून नदीकडं निघायला लागली. आई-बाबांना झेपेना, म्हणून गेल्या वर्षी तिला मिरजेजवळच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. मी महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी पुण्यातून निघते आणि संध्याकाळी थेट तिच्याकडं जाते. ती मला ओळखत नाही. 'आक्का, कवा आलीस?' म्हणते. आक्का ही तिची थोरली बहीण, तिला जाऊनही कैक वर्षं झाली. आबा कुठं आहेत विचारते. एकदा मी खरं सांगितलं तर ऊर बडवून रडली. आरशात बघून कुंकू मागते. निघताना हात सोडत नाही, 'मला घरला ने' म्हणते. आई म्हणते, 'त्यांना आता काही कळत नाही, तू गेलीस की उलट जास्त बिथरतात, कशाला जातेस?' बाबा तिथपर्यंत येतात, पैसे भरतात आणि गाडीतच बसून राहतात. भावकी काय बोलते ते सांगायलाच नको. मी जाऊ की नको? आणि दिवाळीत तिला एक दिवस घरी आणू का?"

— एक नात

जा. या महिन्यात जा आणि पुढच्या महिन्यातही जा. बाकीचं पुढं सविस्तर लिहिते, पण हे उत्तर तुला शेवटपर्यंत वाट बघायला लावून द्यावं असं मला वाटलं नाही.

आईवर रागावू नकोस. ज्या बाईनं रात्रीची झोप सोडून सासूला सांभाळलं, कडीला कुलूप घालून उशाशी किल्ली घेऊन झोपली, तिचा थकवा त्या वाक्यात आहे. पण 'काही कळत नाही' हे बरोबर नाही. अल्झायमरसारख्या आजारात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला फार लवकर झळ पोचते. नव्या आठवणी साठवायचं काम त्याचं. म्हणून सकाळी काय खाल्लं, काल कोण येऊन गेलं हे राहत नाही, आणि लग्नाआधीचं माहेर मात्र लख्ख दिसतं. भावना आणि हाताच्या सवयी यांचा कारभार मेंदूत दुसऱ्या ठिकाणी चालतो, तो पुष्कळ उशिरापर्यंत शाबूत राहतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ साली यावर एक छोटा अभ्यास झाला. अल्झायमर झालेल्या माणसांना आधी दुःखी आणि मग आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळानं विचारलं तर काय पाहिलं ते त्यांना जवळजवळ काही सांगता येईना. पण मनात उठलेलं दुःख किंवा आनंद मात्र त्यानंतरही टिकून होता. ज्यांना कमी आठवत होतं, त्यांचं दुःख उलट जास्त वेळ रेंगाळलं.

हे तुझ्या आज्जीला लावून बघ. तू येऊन गेलीस हे तिला दुसऱ्या दिवशी सांगता येणार नाही. पण भेटीनंतरचा वेळ तिचा बरा जाईल, जेवण दोन घास जास्त जाईल, तिथं तिला सांभाळणाऱ्या मावशींशी ती कमी भांडेल. तिनं तुला ओळखावं ही भेटीची अट कुणी घातली? तीच अट आपण नकळत घालतो आणि ती पुरी झाली नाही की भेट वाया गेली म्हणून रडत बाहेर येतो. तुझ्या पत्रातलं बरंचसं दुःख त्या अटीचं आहे. ती तू सोडून दे.

आता आक्काचं. तिनं तुला कुणाच्या जागी बसवलंय ते बघ. परक्या बाईच्या नाही, शेजारणीच्या नाही, जिनं तिला लहानपणी कडेवर घेतलं असेल, भावंडांत जिच्यामागं ती लपली असेल, त्या थोरल्या बहिणीच्या जागी. तुझा चेहरा, तुझा आवाज, तुझा हात बघून तिच्या मनात माहेरचं माणूस आल्याचं समाधान उठतं आणि त्या समाधानाला साजेसं नाव ती शोधते. नाव चुकलंय, पण तू आपलं माणूस आहेस हे तिनं बरोबर ओळखलंय. तिला दुरुस्त करू नकोस. आक्काचं सोंग आणायचीही गरज नाही. 'आक्का, कवा आलीस?' म्हणाली की 'आत्ताच आले, पाणी पिऊन बसूया' एवढंच म्हण. आज्जी म्हणून हाक मारल्यावर ती गोंधळली तर नाव-नातं न घेता बोल. एखाद्या वेळी तीच तुझ्याकडं नीट बघेल आणि तुझं नाव घेईल. तेव्हाही 'बघ, आठवलं की नाही!' असा गलका करू नकोस. तो क्षण लगेच परीक्षा होऊन बसतो.

परीक्षेवरून सांगते. आपल्याकडं आजारी म्हाताऱ्या माणसाला भेटायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'मला ओळखलंस का?' मग दुसरा पुढं होतो, 'आणि मला?' चार माणसं खाटेभोवती उभी, मधे ते माणूस ओशाळं हसतंय. मला हे बघवत नाही. उत्तर येत नाही हे तिला कळतं, आणि ते कळणंच तिला बिथरवतं. तू जाशील तेव्हा समोरून जा, मागून खांद्यावर हात ठेवू नकोस. खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बस. आपलं आपण सांगून टाक: 'मी आलेय गं, तुझ्या लेकाची पोर, पुण्यास्नं.' एका वेळी एकच गोष्ट बोल आणि उत्तराला वेळ दे. आपल्याला लांबलचक वाटणारी शांतता तिला विचार जुळवायला लागते. चष्मा पुसलेला आहे का, कानाचं यंत्र असेल तर ते सुरू आहे का, हे आधी बघ. ऐकूच आलं नाही म्हणून गप्प बसलेल्या माणसाला लोक 'कळत नाही' म्हणून मोकळे होतात.

वेळ मात्र तुझी चुकतेय. या आजारात बऱ्याच जणांची घालमेल दिवस कलल्यावर वाढते. उजेड कमी होतो, अंगात थकवा असतो, सावल्या लांब होतात, आणि 'घरी जायचंय'चा धोशा सुरू होतो. तू नेमकी त्या वेळी, प्रवासानं शिणलेली, तिच्यासमोर जाऊन बसतेस. शनिवारी रात्री हरिपूरला आईजवळ झोप. रविवारी सकाळी नाष्टा झाल्यावर, दहाच्या सुमाराला जा. अर्धा-पाऊण तास पुरे. आई म्हणते ते बिथरणं या एवढ्या बदलानं बरंचसं कमी झालं तर मला नवल वाटणार नाही.

आबांबद्दल. तू एकदा खरं सांगितलंस त्यात तुझं काही चुकलं नाही, कुणीही तेच केलं असतं. पण पुन्हा सांगू नकोस. ती बातमी तिच्यापाशी साठत नाही, म्हणून दर वेळी ती नव्यानंच विधवा होते, आणि दहा मिनिटांनी का रडतोय हे विसरून नुसतं रडणं उरतं. 'मालक अजून आलं न्हाईत?' असं ती म्हणाली की तिला बातमी नको असते, तिला त्यांची वाट बघायची असते. त्या वाट बघण्यात सामील हो. 'आबांना रानातनं यायला उशीरच व्हायचा ना? आल्यावर आधी काय मागायचे गं?' बघ, ती सांगत सुटेल. यात तू खोटं एक अक्षर बोललेली नाहीस. 'येतील, येतील' म्हणून तोंडदेखलं गप्प करण्यापेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं. आणि एक अपवाद लक्षात ठेव. कधी ती शांतपणे, तुझ्या डोळ्यांत बघून 'ते गेलं न्हवं?' असं विचारेल. तेव्हा टाळू नकोस. 'हो आज्जी' म्हण, हात धर आणि ती रडली तर रडू दे. तो प्रश्न तिनं भानावर विचारलेला असतो, त्याला खरंच उत्तर द्यायचं.

आणि कुंकू मागितलं तर लाव. यावर घरात चर्चा करू नकोस, कुणाची परवानगी काढू नकोस. तिच्या मनात आबा रानात आहेत आणि कपाळ मोकळं दिसतंय. केवढी धास्ती बसत असेल तिला त्या आरशापुढं! तुझ्यापासून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असं गावानं ठरवलं. आपल्याच भागातलं एक आख्खं गाव जे करू शकतं ते एका नातीनं आज्जीसाठी करायला हरकत कसली? टिकलीचं पाकीट मावशींजवळ देऊन ठेव. आरसा बघून ती फारच अस्वस्थ होत असेल तर तो झाकायला सांग. आरशातली म्हातारी कोण, असाही प्रश्न या आजारात पडतो. तिच्या मनातली ती स्वतः तरुण असते.

'मला घरला ने' हे सगळ्यांत अवघड, मला माहीत आहे. ती हरिपूरचं घर मागत असेल, किंवा माहेर मागत असेल, किंवा ओळखीचं, भय नसलेलं काहीही मागत असेल. कधीकधी तर लघवीला लागलेलं असतं, पोट दुखत असतं, अंगावरचं पांघरूण टोचत असतं, आणि बाहेर पडणारे शब्द तेवढेच असतात. म्हणून आधी ते बघ: तहान, भूक, संडास, दुखणं. मग घराबद्दलच बोल. हरिपूरबद्दल बोलायला काय कमी आहे? कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि ती हळदीची पेवं. जमिनीच्या पोटात खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आत श्वासापुरती हवा नसते. हे तिला सांगू नकोस, विचार. 'पेव उघडल्यावर काय करायचे गं? आधी कोण उतरायचं?' जिला काल काय झालं सांगता येत नाही ती हे सगळं क्रमानं सांगू शकेल. तिचा हात तुझ्या हातात असेलच, त्याच हातानं तिला व्हरांड्यात फिरवून आण. 'घरी नेते' असं वचन देऊ नकोस, 'हेच तुझं घर' असंही ठासून सांगू नकोस.

तुझ्या पत्रात नाही, पण आज्जी हरिपूरची म्हणून विचारते: पावसाळ्यात ती जास्त घाबरते का? २००५, २०१९, २०२१, एवढे पूर त्या घरानं बघितलेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि धोक्याची पातळी आहे ४५. पत्र्यावर पावसाचा आवाज झाला की 'पाणी चढलं, जनावरं सोडा' असं तिच्या मनात सुरू होत असेल तर तो भ्रम म्हणून उडवून लावायचा नाही. ती एकदा खरोखर घडलेली रात्र आहे. 'पाणी उतरलं, जनावरं वरच्या अंगाला बांधलीत, सगळी माणसं सुखरूप आहेत' असं तिला सांगायला मावशींना शिकवून ठेव. त्या मावशी बाहेरगावच्या असतील, त्यांना पुराचं काय ठाऊक?

मावशींसाठी एका कागदावर आज्जीची ओळख लिहून दे. रोगाची नको, ती फायलीत आहे. ती किती वाजता उठायची, चहात साखर किती, डोक्यावरून पाणी घेतलेलं चालत नाही, उजव्या कुशीवर झोपते, तिला 'आज्जी' नाही तर 'काकू' म्हटलेलं आवडतं, एकादशी धरायची, असलं सगळं. आंघोळीच्या वेळी होणारी निम्मी भांडणं अशा कागदानं मिटतात. तिची जुनी वाकळ अजून घरात असेल तर ती दे, कोपऱ्यात नाव शिवून. आबांचा एक मोठा फोटो दे, आबा तरुण असतानाचा. म्हातारपणीचे आबा तिला परके वाटू शकतील.

गप्पा संपल्या की काय करायचं, हा प्रश्न तुला पडत असणार. हात रिकामे ठेवू नकोस. कापूस घेऊन जा आणि वाती वळायला बस. तू मुद्दाम वाकड्यातिकड्या वळ. ती तुझ्या हातातनं कापूस काढून घेईल, पेळू करून तळव्यावर अशी सर्रकन वात वळेल की तू बघत राहशील. जन्मभर केलेलं काम हातात असतं, आठवणीच्या कपाटात शोधावं लागत नाही. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं, सूप घेऊन गहू पाखडणं हेही चालेल. हळकुंडं वासासाठी ने, तिच्या ओंजळीत दे, पण निघताना मोजून परत घे, कारण हातात आलेलं काहीही तोंडात जाऊ शकतं. आणि गा. ओव्या, आरती, पाळणा, तिला जे येत होतं ते. तुला येत नसेल तर पहिली ओळ चुकत का होईना म्हण, पुढची तिच्याकडून येते. बोलताना अडखळणारी माणसं गाताना आख्खं कडवं म्हणतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय आणि दर वेळी मला भरून आलंय.

खाऊबद्दल एक गोष्ट ठाम सांगते. सांगलीचा माणूस कुणाकडं जाताना भडंगाची पुडी घेतोच, तू ती आज्जीला देऊ नकोस. या आजारात पुढंपुढं गिळण्याचा मेळ बिघडतो, कोरडे चुरमुरे आणि शेंगदाणे श्वासनलिकेत जाऊ शकतात. तिथल्या नर्सला आधी विचार, तिला काय आणि किती घट्ट चालतं. चालत असेल तर कृष्णाकाठच्या वांग्याचं मऊ भरीत ने, आमटीत कुस्करलेली भाकरी ने. बसवून भरव, छोटा घास, घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करू नकोस.

आता डोळ्यांचं काम. तू महिन्यानं जातेस म्हणून रोज बघणाऱ्याला न दिसणारं तुला दिसू शकतं. ओठ कोरडे आहेत का, बांगड्या सैल झाल्यात का, नखं कापलीत का, टाचा आणि पाठीचा खालचा भाग लाल झालाय का, कवळी बसते का. ती सारखी गुंगीत असेल तर कोणती गोळी, कशासाठी, किती दिवस, हे डॉक्टरांना विचार. डिमेन्शिया, म्हणजे हा असा विसरण्याचा आजार, झालेल्या वृद्धांना शांत करायला दिल्या जाणाऱ्या काही मानसिक आजारांच्या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, त्यामुळं ती उगाच चालू राहू नयेत. पण तूही परस्पर बंद करू नकोस. बी-१२ आणि थायरॉईडची तपासणी झाली होती का, तेही विचारून घे. त्यांच्या कमतरतेनंही विसरणं वाढतं आणि त्यावर उपचार आहे. आणि हे नीट लक्षात ठेव: हा आजार महिन्या-वर्षांच्या चालीनं वाढतो. एक-दोन दिवसांत ती एकदम भरकटली, झोपूनच राहिली, नाही ते दिसायला लागलं, तर ते 'आजार वाढला' म्हणून सोडायचं नाही. लघवीतला संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, घट्ट झालेला कोठा, नवी गोळी, असं काहीतरी असतं आणि ते लगेच डॉक्टरांना दाखवायचं. तक्रार करायची वेळ आली तर ती ऑफिसात बसून कर, मावशींना आज्जीसमोर बोलू नकोस. तू गेल्यावर आज्जीचं अंग पुसणारी तीच बाई आहे.

बाबांना गाडीतून ओढून आत नेऊ नकोस. आईच्या तोंडून 'कोण पाव्हणं?' ऐकणं हे लेकाला सहन होत नाही, आणि आपल्याकडच्या पुरुषाला ते बोलूनही दाखवता येत नाही. त्यांना बोलायचं काम नको, हाताचं काम दे. खोबरेल तेलाची वाटी त्यांच्या हातात दे आणि म्हण, 'बाबा, आज्जीच्या टाचा फुटल्यात, तेवढं चोळता का? मी वेणी घालते.' पायाशी बसलेल्या माणसाला कुणी 'कोण तू' विचारत नाही. पहिल्या खेपेला पाच मिनिटांत उठून गेले तरी चालेल.

आईला मात्र सध्या नको बोलावू. तिला सुट्टी लागते. ती सासूला टाकत नाहीये, तिचं अंग आता विश्रांती मागतंय. तू हरिपूरला गेलीस की तिच्याशी आज्जीबद्दल न बोलता बस. तिला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फोनवर समुपदेशक बोलतात.

भावकीसाठी मी जास्त शाई खर्च करत नाही. जी बाई रात्री कडी काढून संगमाच्या दिशेनं चालू लागते तिला उघड्या घरात ठेवणं यात कसलं पुण्य? आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरांतल्या सातांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. बोलणाऱ्यांच्या घरांतही ती आहेत, कोंडलेल्या खोल्यांत. कुणी फारच तोंड सोडलं तर 'रविवारी दहाला चला माझ्याबरोबर' एवढंच म्हण. ज्येष्ठांसाठीच्या सोयी, कायदा, तक्रार याबद्दल विचारायचं असेल तर १४५६७ ही एल्डरलाईन आहे, तो क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेव.

निघायची वेळ. हात सोडत नाही म्हणतेस, कारण निघणं हा तू प्रसंग करतेस: पर्स उचलणं, मिठी, डोळे पुसणं, दारातून वळून बघणं. जेवणाचं ताट यायच्या वेळी निघ. ताट पुढं आलं, मावशी शेजारी बसल्या, पहिला घास गेला की 'पाणी घेऊन येते गं' म्हणून ऊठ आणि खरंच पाण्याचा तांब्या भरून मावशींच्या हाती दे. पिशवी आधीच ऑफिसात ठेवलेली असू दे. बाहेर आल्यावर रडू येईल, येऊ दे. जिवंत माणसाचं थोडंथोडं जाणं सोसतेयस तू, त्याला दिवस-वार-तेरावं असं काही नसतं, म्हणून कुणी तुझ्याजवळ येऊन बसत नाही. रडून झाल्याशिवाय गाडीला किल्ली लावू नकोस.

दिवाळीला तिला घरी आणू नकोस. तुझं मन मोडतंय हे कळतंय मला. पण फटाक्यांचे आवाज, पाहुण्यांचा गलका, बदललेली रात्र, आणि नदी तिथंच, हाकेच्या अंतरावर. एका दिवसानंतर परत सोडायला जाताना जे होईल ते तुला, बाबांना आणि तिला, तिघांनाही सोसायचं नाही. त्यापेक्षा दिवाळी तिच्याकडं ने. नरक चतुर्दशीच्या पहाटे तिथं तेल-उटणं तुझ्या हातानं लागू दे, निदान हातापायांना तरी, उटण्याच्या वासानं तिला सण कळेल. नवं मऊ लुगडं ने, इंदुरी किंवा धारवाडी असं तिला आवडायचं ते आईला विचारून. फराळातली चकली-चिवडा नको, बेसनाचा लाडू दुधात मोडून चमचाभर दे, साखरेचा आजार नसेल तर. बाकीच्या खाटांवरच्या आज्ज्यांसाठीही थोडं उटणं जास्त घे. आणि तिथं त्या दिवशी आंघोळी किती वाजता सुरू होतात, किती जणांना आत सोडतात, हे या आठवड्यातच फोन करून विचारून ठेव. सणाला निम्म्या मावशी रजेवर असतात.